क्षण आणि हंगाम : दुष्काळाची छायाचित्रे, पारितोषिके आणि बीड

आंतरराष्ट्रीय छायाचित्रस्पर्धांचे निकाल जाहीर झाले की त्यांतील चारदोन छायाचित्रे आपल्याकडील वृत्तपत्रांतही छापली जातात. युद्ध, महापूर, भूकंप, उपासमार, स्थलांतर हे त्यांचे नित्याचे विषय. आपण ती पाहतो, हेलावतो आणि पान उलटतो. या हेलावण्याची चिकित्सा पाश्चात्त्य समीक्षेत पुष्कळ झाली आहे. सूझन सॉन्टॅग यांची १९७७ आणि २००३ सालची दोन पुस्तके तर या विषयाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात असतातच. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. मराठवाड्यातील बीड हा एक जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून, दुःखाच्या छायाचित्रणाचा आणि त्याला मिळणाऱ्या गौरवाचा इतिहास वाचता येतो का, हे पाहावयाचे आहे. बीडच का? कारण दुष्काळ आणि ऊसतोड या दोन शब्दांवाचून या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या जगात क्वचितच उच्चारले जाते. जिथे कॅमेरे पुन्हा पुन्हा येतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. आणि तरीही बीडचे जे खरे दुःख आहे, ते छायाचित्राच्या चौकटीत मावत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते का मावत नाही, हा या लेखाचा विषय.

१.

कॅमेरा येण्यापूर्वी दख्खनच्या दुष्काळांची स्मृती शब्दांनी सांभाळली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे टिकल्याचे सांगितले जाते तो दुर्गादेवीचा दुष्काळ नावानेच उरला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उपाशी रयतेला खुली करून दिली, ही कथा कीर्तनकारांनी घरोघर पोचवली. आणि १६३० च्या सुमाराचा दुष्काळ तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांत आला. व्यापार बुडाला, पत गेली, घरातली बाई अन्नावाचून गेली, हे ते स्वतःच्या तोंडाने सांगतात.

या तिन्ही स्मृतींचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात कर्ता काळ आहे. दामाजीपंतांच्या कथेत कर्ता अधिकारी आहे, आणि त्याच्या कर्तृत्वाची किंमतही त्या कथेतच सांगितलेली आहे. तुकोबांच्या अभंगात मात्र दुष्काळ प्रथमपुरुषी आहे. ज्याच्यावर तो कोसळला तोच बोलतो आहे, आणि म्हणून त्या बोलण्यात दया मागण्याचा सूर नाही. हिशेब मांडण्याचा आहे. मराठी वाचकाला दुःखाच्या कथनाचा हा एक मानदंड साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. कॅमेऱ्याने जो दुष्काळ आणला तो तृतीयपुरुषी होता.

२.

१८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर, मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे आणि निजामाचा मुलूख मोठ्या दुष्काळाने होरपळून निघाला. मद्रासकडील उपाशी माणसांची छायाचित्रे विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे रांगेने बसवून वा उभी करून घेतलेली ती चित्रे आजही पाहवत नाहीत. छायाचित्रकाराने यांना अन्न दिले की नुसतेच टिपले, असा प्रश्न त्यांच्याविषयी विचारला गेला, आणि दुष्काळाच्या छायाचित्रणाला तो तेव्हापासून चिकटून आहे. याच हूपरने पुढे १८८६ च्या सुमारास मंडाले येथे, गोळ्या घालून ठार मारल्या जाणाऱ्या कैद्यांचे चित्र नेमके गोळ्या लागण्याच्या क्षणी मिळावे म्हणून खटपट केली, त्यावरून गदारोळ उठला आणि चौकशी झाली. ‘क्षण पकडणे’ या आज कौतुकाने वापरल्या जाणाऱ्या शब्दप्रयोगाच्या पूर्वेतिहासात ही घटना आहे, हे विसरता कामा नये.

त्याच दुष्काळात, १८७७ च्या एप्रिल महिन्यात, सावित्रीबाई फुले यांनी जुन्नर भागातील ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या पत्रात दुष्काळाचे वर्णन आहे, तसेच सत्यशोधक मंडळींनी चालवलेल्या मदतकार्याची हकिगतही आहे. एकाच आपत्तीची ही दोन प्रकारची कागदपत्रे झाली. हूपरच्या चित्रांत भूक आहे आणि पाहणारा चौकटीबाहेर आहे. सावित्रीबाईंच्या पत्रात पाहणारी व्यक्ती त्या प्रसंगाच्या आत उभी आहे. ती जे पाहते त्याबद्दल काही करतेही आहे. छायाचित्र खरे आणि पत्र व्यक्तिनिष्ठ, असा भेद आपण सवयीने करतो. येथे तो टिकत नाही.

बीड त्या वेळी हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद विभागात होते. या संस्थानाला पुढे लाला दीनदयाळ यांच्यासारखा असामान्य छायाचित्रकार लाभला. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मलेले दीनदयाळ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले, निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला, आणि १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. राजवाडे, शिकारी, मेजवान्या, लष्करी संचलने यांची त्यांची चित्रे प्रसिद्धच आहेत. परंतु त्यांच्या स्टुडिओने १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबादकडील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडील, दुष्काळग्रस्तांची आणि मदतकार्याचीही चित्रे घेतली. ती लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहातून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोचली.

त्यांपैकी एका चित्राखालची इंग्रजी ओळ ‘कृशतेचे नमुने’ अशा अर्थाची आहे. ‘नमुने’ हा शब्द येथे सगळे सांगून जातो. चित्रातल्या माणसांना नावे नाहीत, गावे नाहीत. ती एका अवस्थेचे प्रकार म्हणून उभी आहेत. अशा चित्रसंग्रहाचा उपयोग संस्थानाचा कारभार दयाळू आणि सुव्यवस्थित आहे हे व्हाइसरॉयला दाखवण्यासाठी होता. उपाशी माणूस त्यात पुरावा होता, पण स्वतःच्या भुकेचा नव्हे, राजाच्या औदार्याचा. दीनदयाळांना दोष देण्याचे येथे कारण नाही. ते ज्या व्यवस्थेसाठी काम करीत होते त्या व्यवस्थेची ती भाषा होती. दुःखितांचे चित्र आणि त्याचा गौरव या दोहोंमध्ये एक तिसराच लाभार्थी उभा असतो, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

३.

विसाव्या शतकात हा लाभार्थी बदलला. राजाच्या जागी वाचक आला, आणि वाचकाच्या वतीने परीक्षक. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रातून प्रसिद्ध झाली, ती लोकांना चेतवण्यासाठी. १९५१ साली वेर्नर बिशॉफ यांनी बिहारमधील उपासमारीची चित्रे घेतली, ती ‘लाइफ’सारख्या अमेरिकी नियतकालिकातून जगापुढे गेली. १९५५ साली नेदरलँड्समधील वृत्तछायाचित्रकारांनी ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही स्पर्धा सुरू केली. तिचे पहिले सर्वोच्च पारितोषिक मोटारसायकलच्या शर्यतीत कोसळणाऱ्या एका स्पर्धकाच्या चित्राला मिळाले. तोल गेलेला आहे, पण अंग अजून जमिनीला टेकलेले नाही, असा तो क्षण. या परंपरेने पुढे कशाला किंमत दिली, त्याचे सूत्र तिच्या आरंभीच सापडावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

भारताशी संबंधित ज्या छायाचित्रांना या स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला त्यांपैकी दोन आपल्या सर्वांच्या स्मरणात आहेत. पहिले पाब्लो बार्थोलोम्यू यांचे, डिसेंबर १९८४ मधील भोपाळचे. मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा. रघू राय यांनीही तोच चेहरा कृष्णधवल चित्रात टिपला. दुसरे आर्को दत्त यांचे, डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतरचे. तमिळनाडूतील कडलूर येथे आप्ताच्या मृतदेहाशेजारी जमिनीवर कोसळलेली स्त्री. दोन्ही चित्रांची शक्ती वादातीत आहे. भोपाळचे ते बालक पुढे न्यायाच्या मागणीचे चिन्ह झाले. मोर्च्यांतल्या फलकांवर ते वर्षानुवर्षे राहिले. पण त्याचे नाव मात्र कळले नाही.

नावाचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग यांनी घेतलेले ‘स्थलांतरित माता’ हे चित्र अमेरिकी मंदीची प्रतिमाच होऊन बसले. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला १९७८ मध्ये समजले, तेव्हा तिने या चित्राबद्दल कडवटपणाच व्यक्त केला. त्यातून तिला एक पैही मिळाली नव्हती. केव्हिन कार्टर यांच्या गिधाड आणि बालकाच्या सुदानमधील चित्राला १९९४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी जुलैत कार्टर यांनी आत्महत्या केली. त्या आत्महत्येची कारणे एका चित्रात शोधणे अन्यायाचे ठरेल. तरीही त्या मुलाचे पुढे काय झाले, हा वाचकांनी विचारलेला प्रश्न योग्यच होता. चित्र क्षणाचे असते. मूल त्या क्षणानंतरही असते.

४.

आता बीडकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ या जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून ‘बहात्तर साल’ एवढ्या दोनच शब्दांत येतो. खडी फोडणाऱ्या बायका, रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे, सुकडीचे वाटप, ही त्या सालाची चित्रे कुठल्या स्पर्धेत गाजली नाहीत. त्या दुष्काळाने दिले ते वेगळेच: वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना, तिचा १९७७ चा कायदा, आणि त्यानंतर २००५ मध्ये देशासाठी झालेला कायदा. आपत्तीतून सर्वांत टिकाऊ काय निघाले असेल तर ते हे. आणि त्याचे छायाचित्र घेता येत नाही. हक्काला चेहरा नसतो.

बहात्तरनंतरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत गेले आणि बीडची कोरडवाहू माणसे उसाच्या फडाकडे वळली. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरतात. या व्यवस्थेची एक स्वतंत्र परिभाषा आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती मुद्दाम पाहावी अशी आहे. ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे; नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस अर्धा कोयता. ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ‘खाडा’ म्हणजे कामावर न गेलेला दिवस. आणि खाड्याचे पैसे नुसते बुडत नाहीत, दंड म्हणून उचलीत चढतात. माणसाचे रूपांतर हत्यारात, आणि दुखण्याचे रूपांतर कर्जात करणारी ही भाषा आहे. ती कोणा कवीने घडवलेली नाही. मुकादमाच्या वहीने घडवली आहे.

पहाटे अंधारात कोपीतून निघायचे, दिवसभर ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. हे काम गरोदर बाईलाही चुकत नाही आणि पाळीच्या दिवसांतही चुकत नाही. फडावर संडास नाही, पुरेसे पाणी नाही. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली की खाडा पडतो. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. गर्भाशयाला ‘पिशवी’ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो. पिशवी रिकामी झाली की ती टाकून देता येते, हा अर्थ त्या शब्दातच दडलेला आहे.

२०१९ साली हा प्रकार वृत्तपत्रांतून पुढे आला. बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी त्या वर्षी विधान परिषदेत सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशभराचे हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन पाहण्यांची पद्धत आणि वयोगट एक नसल्याने आकडे समोरासमोर ठेवताना सावधगिरी हवी. पण अंतर एवढे आहे की सावधगिरीनेही ते बुजत नाही.

५.

त्यानंतर बीडमध्ये कॅमेरे आले. क्लोए शारॉक या फ्रेंच छायाचित्रकर्तीची या विषयावरील चित्रमालिका २०२० साली फ्रान्समधील पेर्पिन्याँ येथील वृत्तछायाचित्रणाच्या महोत्सवात मांडली गेली. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने बीड आणि साखर उद्योगावर सविस्तर शोधवृत्तान्त छापला. हे काम मोलाचे आहे, हे आधी स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जिल्ह्यातल्या स्त्रीसंघटनांनी आणि पत्रकारांनी जे आधीपासून सांगितले होते ते त्यामुळे साखर विकत घेणाऱ्या बलाढ्य कंपन्यांच्या दारापर्यंत पोचले. बाहेरचे लोक येऊन आमची बदनामी करतात, ही तक्रार जिल्ह्यात ऐकू येते; तिच्यात मला तथ्य वाटत नाही. बदनामी करण्याजोगे जे होते ते चित्रापूर्वीच घडून गेले होते.

पण एक साधी गोष्ट विचारात घ्यावी. शारॉक यांच्या मालिकेचे नाव ‘शुगर गर्ल्स’. मुली? फडावरची बाई पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली असेल, आणि पंचविशीत पिशवी काढून बसलेली असेल. पण गावात तिला कोणी मुलगी म्हणत नाही. ती कुणाची आई असते, कुणाची जाऊ, आणि वहीत अर्धा कोयता. परक्या भाषेत तिला मुलगी म्हटले की ती कीव करण्याजोगी होते. कामगार म्हटले असते तर ती हक्क मागणारी झाली असती. चित्राखालची ओळ चित्र कसे वाचायचे ते ठरवते. ‘कृशतेचे नमुने’ पासून ‘शुगर गर्ल्स’ पर्यंतचे अंतर मोठे आहे, सहानुभूतीचे आहे. पण दोन्हीकडे नाव ठेवणारा बाहेरचा आहे.

याहून कठीण प्रश्न चित्राचाच आहे. काढलेल्या गर्भाशयाचे छायाचित्र कसे घ्यावे? शस्त्रक्रियेचा व्रण दाखवता येतो, चेहऱ्यावरची थकवा-वेदना दाखवता येते. पण व्रण कारण सांगत नाही. कारण उचलीत आहे, खाड्यात आहे, फडावर नसलेल्या संडासात आहे, दवाखान्यातल्या भीती घालणाऱ्या सल्ल्यात आहे. भोपाळ ही एका रात्रीची आपत्ती होती, त्सुनामी एका सकाळची. बीडचे दुःख हंगामाचे आहे. ते पाच-सहा महिने चालते, दरवर्षी परत येते, आणि त्याला शिखर नसते. ज्या कलेचा मोठेपणा क्षण निवडण्यात आहे, तिला हंगामाचे काय करावे हे सहजी कळत नाही.

मग जे दिसत नाही ते दिसावे म्हणून मांडणी करण्याचा मोह होतो. २०१८ मध्ये आलेस्सिओ मामो या इटालियन छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रमालिकेवर ‘वर्ल्ड प्रेस फोटो’च्या समाजमाध्यमावर ती प्रसिद्ध होताच टीकेचा भडिमार झाला. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील गरीब खेडुतांना, खोट्या पक्वान्नांनी भरलेल्या टेबलापुढे डोळे झाकून उभे राहायला सांगून ती चित्रे घेतलेली होती. भूक दाखवण्यासाठी उपाशी माणसापुढे खोटे अन्न मांडणे, याइतके क्रूर रूपक सुचणे कठीण आहे. हूपरला विचारलेला प्रश्न एकशेचाळीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला.

दुसरी वाटही आहे. २०२२ चे सर्वोच्च पारितोषिक कॅनडाच्या अँबर ब्रॅकन यांच्या ज्या चित्राला मिळाले त्यात एकही माणूस नाही. कॅम्लूप्स येथील जुन्या निवासी शाळेच्या आवारात मूलनिवासी मुलांच्या नोंद नसलेल्या दफनांचे संकेत मिळाल्यानंतर, त्या मुलांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला क्रूसांवर लाल झगे टांगलेले होते. वाऱ्यात किंचित फुगलेले ते रिकामे झगे आणि मागे इंद्रधनुष्य, एवढेच ते चित्र. अनुपस्थितीला चित्राचा विषय करता येतो, आणि तेही कोणाला बसवून, उभे करून, रडवून न घेता, हे या चित्राने दाखवले. महत्त्वाची गोष्ट अशी की ते झगे छायाचित्रकर्तीने टांगलेले नव्हते. शोक करणाऱ्यांनी आपल्या शोकाला आधीच रूप दिले होते. तिने ते ओळखले.

६.

बीडच्या बायांनी आपल्या अवस्थेला रूप दिलेले नाही, असे कोणी म्हणेल काय? फडावरच्या ओव्या आहेत, मोर्च्यांतली भाषणे आहेत, समितीपुढे दिलेल्या जबान्या आहेत. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर हाती लेखणी घेतलेली एक सुरसुंदरी कोरलेली आहे. मराठी ज्यांना आद्यकवी म्हणते ते मुकुंदराज जिथले, ते अंबाजोगाई तिथून फार लांब नाही. लिहिणाऱ्या स्त्रीची कल्पना या मातीला परकी नव्हती. परंतु जिच्या नावावर उचल चढते तिने काढलेली टिपणे आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे नोंदली जातात? मराठीने तुकोबांच्या प्रथमपुरुषी दुष्काळाला वाङ्मय मानले, दलित आत्मकथनांना वाङ्मय मानले. ऊसतोडणी करणाऱ्या बाईची जबानी मात्र अजून ‘माहिती’ या सदरातच राहिली आहे. तिला ‘आवाज द्यावा’ ही भाषा सोडून, तिचा आवाज कोणत्या सदरात नोंदायचा हा प्रश्न आपण घ्यावा, कारण तो आपल्या अखत्यारीतला आहे.

पारितोषिके मिळवणाऱ्या छायाचित्रांना नाकारण्याचा हा युक्तिवाद नाही. भोपाळचा तो चेहरा नसता तर भोपाळचे विस्मरण अधिक सोपे झाले असते. आपण वर्गात अशी चित्रे जरूर दाखवावीत. पण दाखवताना प्रथम चित्राखालची ओळ वाचून घ्यावी. तिच्यात नाव आहे की नमुना आहे, कर्ता कोण आहे, आणि चित्र घेतल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय झाले याला जागा आहे का, हे विचारावे. आणि बीडचे चित्र समोर आले तर त्याच्या शेजारी मुकादमाच्या वहीचे एक पान ठेवावे. त्या पानावर कोयत्याच्या नावापुढे उचलीचा आकडा असतो, त्याखाली खाडे मांडलेले असतात. हंगामाच्या अखेरीस जे फिटत नाही ते पुढच्या वर्षाच्या पानावर जाते.